वॉर्ड नशामुक्त झाला तेव्हा

मी तुरुंगात जाते हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ओळख करून देताना सगळे तसंच सांगत. "ही बी ब्लॉकमधली डॉक्टर. तुरुंगात असते." पुढचं काही नाही. नव्याने राहायला आलेल्या बायका हळदीकुंकू लावताना माझ्याकडे जरा निरखून बघत, सुटून कधी आले असेन याचा अंदाज घेत असाव्यात.

सोसायटी द्वारकेत होती. त्या वेळी द्वारकेत रस्ते आधी आले होते, मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि पाणी टँकरने येत होतं. करोल बागेतल्या दोन-दोन खोल्यांत ज्यांचा जन्म गेला अशा मराठी सरकारी नोकरांनी मिळून ती बांधली होती. माझे आईवडीलही त्यातलेच. बाल्कनी मिळाली, लिफ्ट मिळाली, शिट्टी वाजवणारा गार्ड मिळाला. मग जिकडेतिकडे हप्त्यावरच्या मोटारी आल्या आणि मोटारींत काढता-घालता येणारे स्टिरिओ आले. आमचे सेक्रेटरी काका गाडी लावली की स्टिरिओ उपसून काखेत घेऊन वर येत. एकदा विसरले, आणि सकाळी गाडीत नुसतं भोक.

"अगं, तुझ्या पेशंटांना विचार ना," काका मला म्हणाले. "त्यांच्यापैकीच कुणीतरी नेला असणार."

"काका, माझे पेशंट आत आहेत. बाहेर आहेत त्यांनी नेला."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. माझ्या कामाविषयी त्यांचं एक ठाम मत होतं. "या लोकांना बिल्कुल विल पॉवर नसते बघ. मनात आणलं तर माणूस काय सोडू शकत नाही?" काका स्वतः कित्येक वर्षं झोपेची गोळी घेतल्याशिवाय आडवे होत नसत. एकदा केमिस्टांचा संप झाला तेव्हा सकाळीसकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हात थरथरत होते, डोळे लाल होते आणि विल पॉवर बहुधा घरीच विसरून आले होते.

तुरुंग कुठला ते सांगत नाही. दिल्लीच्या अवतीभवती तीन राज्यांचे तुरुंग आहेत, वाचकाने आवडेल तो घ्यावा. मी एका संस्थेतर्फे तिथल्या एका वॉर्डात जात असे. स्मॅक, म्हणजे गर्द, ओढणारी, टोचून घेणारी माणसं पकडून आत टाकली की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांना 'तोड़' लागते. हाडं पिळवटतात, उलट्या, जुलाब, नाक गळतंय, झोप नाही. यावर तुरुंगातला पारंपरिक उपचार म्हणजे थंड पाण्याची बादली आणि हवालदाराचा उपदेश. आम्ही त्याऐवजी एक गोळी देत असू. ती जिभेखाली ठेवायची, हळूहळू विरघळते. नशा चढत नाही, पण शरीराची मागणी दिवसभर शांत राहते, आणि माणूस जेवू शकतो, झोपू शकतो, स्वतःच्या वकिलावर चिडू शकतो. ती सुटल्यावरही चालू ठेवायची असते, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. रक्तदाबाची गोळी घेतात तशी.

गोळी अख्खी दिली तर गालात दडवून बराकीत विकली जाते, म्हणून आम्ही ती कुटून पूड करून द्यायचो. मग सगळ्यांनी सतरंजीवर ओळीने बसायचं, तोंड मिटायचं, थुंकी गिळायची नाही, बोलायचं नाही. दिल्लीत एवढी माणसं एकत्र बसून गप्प राहिलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर नाहीच. पूड विरघळली की मी टॉर्च घेऊन निघायचे आणि ओळीतला एकेक जण जीभ वर करून दाखवायचा, शाळेत नखं तपासतात तसं. खून, दरोडा, फसवणूक, सगळी कलमं जिभा वर करून बसलेली. माझ्या आईने हे एकदा ऐकलं आणि म्हणाली, "एवढं शिकून शेवटी जिभाच बघतेस."

त्या ओळीत एक स्टिरिओचोर होता. तिशीचा, काटकुळा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. ज्या शेतांवर आमचा सेक्टर उभा राहिला त्या शेतांवर त्याचा बाप मजुरी करत असे, म्हणजे आमच्या आधीपासून तो द्वारकेचा. गाडीची काच न फोडता स्टिरिओ काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं तो स्वतः सांगे. माल करोल बागेत विकायचा. मी करोल बागेत वाढले म्हटल्यावर त्याने मला गल्ल्या विचारल्या आणि मी खरी निघाल्यावर माझ्याशी आदराने बोलू लागला. काकांच्या स्टिरिओची चौकशी मी त्याच्याकडे केली, नाही असं नाही. त्याने मॉडेल विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने मान हलवली.

"वो मेरा काम नहीं है मैडम. उस मॉडल को तो मैं हाथ भी नहीं लगाता."

मी ते काकांना जसंच्या तसं कळवलं. चोरीपेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

गोळीवर तो माणसात आला. अंगावर मांस चढलं. दर मुलाखतीला, म्हणजे भेटीच्या दिवशी, त्याची बायको यायची. ती सोसायट्यांमधून झाडूपोछा करायची. पूर्वी ती जाळीपलीकडून नुसतं रडायची, आता दोघं भांडायला लागली होती, आणि भांडण हे मी सुधारणेचं लक्षण समजते. दोघांचा बेत ठरला होता. तो सुटला की गोळी यमुनेकाठच्या एका व्यसनमुक्ती केंद्रातून रोज घ्यायची आणि टायरच्या दुकानात कामाला लागायचं. त्या केंद्रातही तीच गोळी मिळत असे.

"मैडम, गोली मिलती रही तो मैं आदमी हूँ," तो मला म्हणाला होता. "नहीं मिली तो क्या हूँ, मुझे खुद नहीं पता."

अशात नवे साहेब आले. तुरुंगाचे अधीक्षक. उंच, देखणे, पहाटे योगासनं करणारे. साहेब वाईट नव्हते हे मुद्दाम सांगते. त्यांनी गुलाबाचे वाफे केले, स्वयंपाकघर धुऊन घेतलं, भिंतींवर सुविचार रंगवले. फक्त त्यांना माईक फार आवडायचा, आणि माईक म्हटला की कार्यक्रम लागतो, आणि कार्यक्रम म्हटला की काहीतरी जाहीर करावं लागतं. त्यांनी ठरवलं की आमचा वॉर्ड देशातला पहिला नशामुक्त वॉर्ड म्हणून जाहीर करायचा. मंत्री येणार होते.

"सौ परसेंट, मैडम," ते मला म्हणाले. "आपकी गोली उससे पहले बंद हो जानी चाहिए."

"सर, वो दवाई है."

"छूटती है?"

"धीरे-धीरे. किसी-किसी की नहीं भी छूटती."

"फिर तो नशा ही हुआ."

"सर, आपकी बीपी की गोली छूटती है?"

त्यांनी टेबलाच्या खणाकडे पाहिलं. "वो अलग बात है," म्हणाले.

त्या वॉर्डात बिडी होती, तंबाखू होती, आणि अधूनमधून भिंतीवरून टेनिसचे चेंडू येऊन पडत. चेंडू कापला की आत पुडी. हे हवालदारांना ठाऊक होतं, कैद्यांना ठाऊक होतं, बहुधा गुलाबांनाही ठाऊक होतं. पण चेंडू सरकारी दृष्टीने येतच नव्हते, त्यामुळे ते बंद करण्याचा प्रश्न नव्हता. सरकारी दृष्टीने त्या वॉर्डात एकच अंमली पदार्थ रोज उघडपणे येत होता, आणि तो मी आणत होते.

मग मी दिल्लीतला प्रत्येक मराठी माणूस करतो तेच केलं. 'आपला माणूस' शोधला. गॅसच्या कनेक्शनपासून हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत दिल्लीतल्या मराठी माणसाचं घोडं अडलं की तो मंत्रालयात कुणी आपला आहे का ते बघतो. वडिलांच्या ओळखीने एक सापडले. बरेच वर होते. त्यांनी मला मोठ्या अगत्याने कोपर्निकस मार्गावरच्या सदनात जेवायला बोलावलं. शेजारच्या टेबलावर लातूर-परभणीकडची, परीक्षेच्या तयारीला आलेली पोरं वरणभात थांबवून त्यांच्याकडे देवासारखं बघत होती.

आपला माणूस थालीपिठावर बोलला. इथलं थालीपीठ पूर्वी कसं होतं, आता भाजणी कशी बिघडली, त्यांच्या सासूबाई भाजणीत धणे किती घालत. मी मधे मधे तुरुंग आणून ठेवत होते आणि ते तो हळूच बाजूला सारत होते. शेवटी हात पुसत म्हणाले, "हे बघा, पॉलिसी लेव्हलला तुमचं अगदी बरोबर आहे. पण मंत्री येतायत ना. आता त्यांना काय सांगायचं, नव्वद टक्के नशामुक्त? जरा टॅक्टफुली घ्या. फंक्शन होऊन जाऊ दे, मग बघू." आणि जाताना मला सदनातला चिवडा बांधून दिला. इतक्या आपुलकीने मला आजवर कुणी वाटेला लावलेलं नाही.

संस्थेनेही शेपूट घातलं. आत जाण्याची परवानगी साहेबांच्या हातात होती. मी सगळ्यांची गोळी, करू देतील तितक्या सावकाश, उतरवत नेली. सतरंजीवर रोज पूड कमी आणि भजन जास्त असं व्हायला लागलं. चेंडू वाढले. पण स्टिरिओचोराने चेंडूला हात लावला नाही, कारण साहेबांनी त्याची निवड केली होती. आवाज चांगला म्हणून कार्यक्रमात शपथ तो सांगणार होता आणि बाकीचे म्हणणार होते. बायकोला तर त्याने मुलाखतीला आली तेव्हाच सांगून टाकलं होतं की मंत्र्यासमोर उभा राहणार.

मी त्याला बसवून समजावलं. स्मॅक बंद, गोळीही बंद, म्हणजे आता तुझं शरीर सगळं विसरलं आहे. पूर्वी जेवढी टोचून घ्यायचास तेवढी आता घेतलीस तर श्वास थांबेल. दुसरी संधी मिळणार नाही. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

"समझ गया मैडम," म्हणाला. "पर अभी तो मैं समझ रहा हूँ. उस टाइम कौन समझेगा?"

एकच आधार होता. त्याच्या शिक्षेचे काही आठवडे अजून बाकी होते. 'फंक्शन के बाद देखेंगे' असं साहेबांनी मलाही म्हटलं होतं. म्हणजे फंक्शन उरकलं की त्याची गोळी परत सुरू करायची, गोळीवर असतानाच त्याला सोडायचं आणि थेट केंद्रात पोचवायचं. मी तशी मनाशी मांडणी केली होती आणि त्याच्या बायकोलाही सांगितलं होतं.

कार्यक्रम झोकात झाला. शामियाना, झेंडूच्या माळा, उशिरा आलेले मंत्री. पांढऱ्या कपड्यांतले कैदी त्याच सतरंजीवर त्याच ओळींत बसले होते, फक्त आता तोंड उघडायची परवानगी होती. स्टिरिओचोराने शपथ सांगितली. आवाज खरोखरच चांगला होता. मंत्र्यांनी त्याला शाल घातली, पाठ थोपटली, आणि साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी माईक ओढून घेतला आणि जाहीर केलं की या आदर्श बंदिवानाला चांगल्या वर्तणुकीबद्दल उरलेली शिक्षा माफ करण्यात येत आहे. हा उद्या घरी जाईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण तो माझ्याकडेच बघत होता. फोटोग्राफर माझ्यावर खेकसला, "मैडम, ताली."

चहाच्या वेळी मी साहेबांना गाठलं. "सर, उसको अभी मत छोड़िए. थोड़े दिन रोक लीजिए. गोली चालू करके छोड़ेंगे."

साहेबांच्या तोंडात पेढा होता. तो गिळून ते मनापासून हसले. "आप डॉक्टर हैं या थानेदार? लोग मेरे पास छुड़ाने आते हैं, आप रोकने आई हैं." आजूबाजूचेही हसले. मलाही ते विनोदी वाटलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

मी केंद्रात फोन लावला. तिथला डॉक्टर माझ्या ओळखीचा, सज्जन माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अभी गोली पर है?"

"नहीं. बंद करवा दी."

"स्मैक ले रहा है?"

"नहीं. इसीलिए तो फोन कर रही हूँ."

केंद्राचा नियम असा होता की स्मॅक घेत असेल तर नवा पेशंट म्हणून घेता येतो, जेलमधून गोळी चालू असताना आला तर पुढे चालवता येते. हा दोन्हींत बसत नव्हता. "पहले शुरू तो करने दीजिए मैडम," तो कळवळून म्हणाला, "फिर ले लेंगे." बिचाऱ्याला वाईट वाटत होतं. नियम खरंच तसा होता.

दुसऱ्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिले. तो शाल घडी करून काखेत घेऊन बाहेर आला. मी त्याला सांगितलं, सरळ केंद्रात जा आणि खोटं बोल. सांग की मी घेतोय.

तो हसला, तुटका दात दिसला. "सारी उमर झूठ बोला कि नहीं लेता. अब ये झूठ भी बोल लूँगा."

तो गेला. आपण मोठे शहाणे लोक समजतो तसा तो बेभरवशाचा नव्हता, सांगितल्याप्रमाणे केंद्रात गेला, रांगेत बसला आणि खोटं बोलला. त्यांनी लघवी तपासली. स्वच्छ निघाली. स्वच्छ माणसाला गोळी देता येत नाही म्हणून त्याचं अभिनंदन करून त्याला परत पाठवलं. तो पुन्हा गेला, पुन्हा स्वच्छ निघाला.

त्याच आठवड्यात तो मेट्रोच्या एका अर्धवट खांबाच्या आडोशाला मेलेला सापडला. पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली होती.

मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि रडता रडता परत राग आला. कुणावर म्हणाल तर धरायला एक माणूस सापडेना. साहेबांनी त्याला बक्षीस दिलं होतं. केंद्राने नियम पाळला होता. आपल्या माणसाने चिवडा दिला होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते हादरले, खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "जेल के बाहर हुआ ना?" मी हो म्हटलं. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

घरी सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये भेटले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले. "विल पॉवर." मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नंतर कित्येक महिने ते माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नसत, आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

त्याची बायको पुढच्या मुलाखतीच्या दिवशी आली. आत भेटायला आता कुणी नव्हतं, पण तिचा दिवस तोच होता आणि कामावरची सुट्टी त्याच दिवसाची मागून ठेवलेली होती. ती माझ्यासाठी फाटकाबाहेरच्या बाकावर थांबली होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले.

"मैडम, एक बात पूछनी थी," ती म्हणाली. "जब लेते थे तब इतने साल नहीं मरे. फिर साहब ने सबके सामने बोला कि ठीक हो गया. ठीक होके कैसे मर गए?"

मी तिला सांगितलं. सोप्या हिंदीत, न लपवता. शरीर कसं विसरतं, गोळी काय करत होती, गोळी नसताना पहिलीच वेळ सगळ्यात धोक्याची का असते. तिने मधे एकदाही अडवलं नाही. वाटेवर मुलाखतीची रांग सरकत होती, डब्यांचे आवाज येत होते. तिला सगळं कळलं होतं, कारण तिने विचारायचा तोच प्रश्न विचारला.

"गोली तो चल रही थी. फिर बंद क्यों की?"

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. परवानगीचं होतं, पॉलिसीचं होतं, शंभर टक्क्यांचं होतं. त्यातलं एकही त्या बाकावर बसून, तिच्याकडे बघून, तोंडातून निघेना.

"फंक्शन था," मी म्हणाले.